चौथ्या प्रकरणासाठी एकांत पाहिजे

आदरणीय बन्सीमामा,

मी शेवटची एकटी कधी होते? विचार करकरून डोकं शिणलं, पण उत्तर काही येत नाही. तुम्ही मला जन्मापासून ओळखता, तेव्हा तुम्हाला आठवत असेल तर कृपा करून कळवा. (या प्रश्नाच्या नादात जय भीम लिहायचा राहिला, हे आईला सांगू नका. सप्रेम जय भीम.) तुमचा गुडघा कसा आहे? रात्रपाळीत उभं राहून तो दुखतो असं तुम्ही आईला सांगितलं आणि अजिबात दुखत नाही असं मला सांगितलं. आई म्हणते, दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी निरगुडीचा पाला लावायला हरकत नाही. इकडे सगळे बरे आहेत. आण्णांचा खोकला गेला, पप्पूदादाचा टेम्पो दुरुस्त झाला, आम्रपालीची बारावीची परीक्षा संपली आणि ती आता निकालाची वाट बघत दिवसभर मला प्रश्न विचारते.

फोन सोडून पत्र का लिहिते आहे, असं तुम्हाला वाटेल. फोन लागला की तो स्पीकरवर ठेवायची आपल्या घरची रीत आहे, आणि मला जे मागायचं आहे ते सगळ्यांदेखत मागता येण्यासारखं नाही. शिवाय तुम्ही 'हां, बोल' आणि 'बरं, ठेव' यांच्यामध्ये समोरच्याला दोनच वाक्यं देता. हा विषय दोन वाक्यांत बसत नाही. तो दोनशे वर्षांचा आहे.

तुम्हाला माहीतच आहे की एम.ए. इंग्रजीच्या शेवटच्या वर्षाला मी प्रबंध लिहिते आहे. (चाकणच्या खोलीत तुम्ही सगळ्यांना 'भाची अंबाजोगाईला डॉक्टर होतीय' असं सांगितलं आहे, हे पप्पूदादाकडून कळलं. अंबाजोगाई म्हटलं की लोकांना आधी मेडिकल कॉलेज आठवतं हे मी समजू शकते. पण मागच्या आठवड्यात तुमच्या खोलीतल्या एकांनी मला फोन करून मूतखड्यावर काय घ्यावं असं विचारलं. मी त्यांना पाणी जास्त प्या म्हणून सांगितलं. कृपया त्यांना खरं काय ते सांगून टाका.) माझा विषय इंग्रजीतल्या रोमँटिक कालखंडातली कविता हा आहे. मराठीत याला स्वच्छंदतावाद म्हणतात, पण तो शब्द मी घरात वापरत नाही. धाकट्या काकांनी तो एकदा ऐकला आणि आण्णांना म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो? पोरींना लई शिकवलं की हे असं होतंय."

तर हे कवी दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेले. ते घराबाहेर पडायचे, डोंगर, तळी आणि ढग बघत मैलोनमैल चालायचे, आणि तिथं एकटे असल्यामुळे त्यांच्या मनात काहीतरी मोठं जागं व्हायचं. मग घरी येऊन ते लिहायचे. त्यांच्यापैकी काहींचं म्हणणं होतं की साध्या माणसांच्या साध्या बोलण्यातसुद्धा कविता असते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले होते. (एकटी नाही. शेजारी माझी रूममेटही रडत होती. ती भाषाशास्त्राच्या पेपरासाठी रडत होती, पण सोबत झाली.) मला मनापासून वाटतं की या कवितेत आपल्या गावासाठीही काहीतरी आहे. नेमकं काय, ते पाचव्या प्रकरणात सांगायचं आहे. पण पाचव्याच्या आधी चौथं येतं, आणि चौथं प्रकरण म्हणजे एकांत.

चौथं प्रकरण मी चांगलं जाड लिहून नेलं. तेजश्री मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, ते चष्मा पुसून वाचलं आणि परत चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "पंचशीला, यात सगळं दुसऱ्यांचं आहे. या विद्वानाला एकांत असा वाटतो, त्या विद्वानाला तसा वाटतो. तुला कसा वाटतो? तू शेवटची एकटी कधी होतीस?" मामा, खरंच कधी? घरी दोन खोल्यांत आम्ही पाच जण. शाळेत एका बाकावर तिघी. हॉस्टेलमध्ये चौघी, आणि परीक्षेच्या दिवसांत कोणाची तरी मावसबहीण धरून पाच. आंघोळीला गेलं की बाहेरून आम्रपाली दार वाजवते. एसटीत तर विचारूच नका. मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, बघून सांगते." त्या म्हणाल्या, "बघ. आणि मग प्रकरण परत लिही. महिनाअखेर शेवटची तारीख आहे."

यात हसण्यासारखं काही नाही, कारण तारीख चुकली तर वर्ष गेलं. माझं वर्ष गेलं तर आण्णा एक शब्द बोलणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण धाकटे काका बोलतील. त्यांचं वाक्य तयारच आहे: थोरली दोन वर्षांत होणारं तीन वर्षांत करतीय, आता धाकटीला बारावीवर पुरं करा. आम्रपालीला पुढं शिकायचं आहे, आणि माझ्यापेक्षा तिची बुद्धी चांगली आहे. (हेही तिला सांगू नका.) म्हणजे बघा, इंग्लंडातले कवी तळ्याकाठी एकटे का हिंडायचे, हे मला नीट सांगता आलं नाही तर तेलगावच्या अलीकडच्या एका पोरीचं कॉलेज बुडणार आहे. साहित्याचा आणि जीवनाचा संबंध नसतो असं म्हणणाऱ्यांनी आपल्या घरी येऊन बघावं.

म्हणून मी गावी आले आणि ठरवलं की विद्वानांचं पुरे, आता स्वतः प्रयोग करायचा. एकदा तरी एकटं व्हायचं. पहिल्याच दिवशी जेवताना मी घरात जाहीर केलं की मला उद्या सकाळी दोन तास आतली खोली पाहिजे, आणि खोलीत कोणीही नको. सगळ्यांचे घास हातात राहिले. आईने विचारलं, "कोण काय बोललं तुला?" मी म्हटलं, कोणी काही बोललं नाही. "मग ताप हाय का?" तापही नाही. आई आण्णांकडे बघायला लागली. आपल्या घरात माणूस एकटं बसतं ते दोनच कारणांनी: आजारी असलं तर नाहीतर रुसलं तर. (आण्णा एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली एकदा कडब्याच्या गंजीमागं एकटे बसले होते. त्यावर आई अजून बोलते.) मी कवितेबद्दल सगळं समजावून सांगितलं. शेवटी आण्णा म्हणाले, बाबासाहेबांनी एका खोलीत अभ्यास केला, तर आपण पोरीला दोन तास एक खोली देऊ शकतो. हे वाक्य आलं की घरातला वाद संपतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत बसले. खिडकी लावली, वही उघडली. बाहेर अंगणात आण्णा, आई, आम्रपाली आणि पप्पूदादा असे चौघं मला एकांत मिळावा म्हणून राखण करत बसले. ते एकमेकांना हळू बोलायला सांगत होते, आणि ते इतक्या जोरात की मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. पप्पूदादा दारातच खाट टाकून बसला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "आत जायचं न्हाई. पंचशीला एकटी बसलीय." आता तुम्हीच सांगा मामा, आपल्या वस्तीत असं सांगितल्यावर कोण बाहेर थांबेल? पहिल्यांदा शेजारच्या काकू आल्या. त्या माझ्याजवळ बसल्या आणि पाठीवरून हात फिरवला. मग त्यांची सून आली. मग दोघी-तिघी अशा येत राहिल्या. कोणी काही विचारलं नाही. एकटं पडलेल्या माणसाजवळ जाऊन बसायचं असतं, त्याला सोडायचं नसतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. अर्ध्या तासात माझ्या एकांताला चौदा बाया बसल्या होत्या. एकीने डोळ्याला पदरही लावला. एवढ्या बाया बसल्या म्हणजे घरात चूल पेटली नसणार, असं धरून पलीकडच्या गल्लीतून पिठलं-भाकरी आली. ती आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली. पिठलं चांगलं झालं होतं. वहीत मी फक्त तारीख लिहिली.

मग माझ्या लक्षात आलं की चूक माझीच आहे. माझे कवी घरात बसून एकटे होत नव्हते, ते बाहेर पडायचे. निसर्गात गेलं पाहिजे. तेव्हा मी उजाडता उजाडता उठून कालव्याच्या रस्त्याने चालत जायचं ठरवलं. (तुम्हाला ती जागा आठवते, जिथं तुम्ही मला सायकल शिकवली आणि मग मला आणि सायकलला बाहेर काढलं.) कोणाला न उठवता निघाले होते, पण आई उठलीच. म्हणाली, "चाललीस ते चाल, पण उन्हाळ्याचं पाणी घेऊन जा," आणि माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. ही बाटली लक्षात ठेवा मामा, पुढं सगळं तिच्यावरच आहे.

वाटेत सुरुवातीला सहा-सात जणांनी "कुठं चाललीस?" असं विचारलं. 'कुठंच नाही' हे उत्तर आपल्याकडे चालत नाही. त्यावर लोक थांबतात आणि दुसरा प्रश्न विचारतात. म्हणून मी शेवटच्या दोघांना 'काकांच्या रानात' असं खोटंच सांगितलं. पुढं मात्र कोणी नव्हतं. डाव्या हाताला कालवा, उजव्या हाताला उभा ऊस, आभाळ तांबडं होत आलेलं, पाण्यावर बगळे. आणि मामा, खरं सांगते, काहीतरी व्हायला लागलं होतं. छातीत काहीतरी हललं. मी उसाच्या कडेला थांबले, डोळे मिटले, आता मोठं काहीतरी जागं होणार, एवढ्यात कानाजवळ शिट्टी वाजली.

ते ग्रामपंचायतीचं गुड मॉर्निंग पथक होतं. उघड्यावर बसणाऱ्यांना पहाटे पकडायला हल्ली पुन्हा फिरतं. शिट्टी वाजवणारा आपला धुळाजी, ग्रामपंचायतीचा शिपाई, आणि मागं दोघं. एकाच्या हातात गुलाबाची फुलं, एकाच्या हातात मोबाईल. पकडलेल्या माणसाला गुलाब द्यायचा आणि लाजवायचं, अशी त्यांची रीत आहे. पहाटेची वेळ, उसाची कड आणि हातात पाण्याची बाटली. मी त्यांना पुस्तकी मराठीत सांगितलं, "मी इथं निसर्गाशी एकरूप व्हायला आले आहे." धुळाजी समजुतीने म्हणाला, "ताई, सगळे असंच कायतरी सांगत्यात. घ्या, गुलाब घ्या." मी गुलाब घेतला, कारण दिलेलं फूल नाकारू नये असं शाळेत शिकवलं आहे, आणि त्याच क्षणी फोटो निघाला.

मी घरी पोहोचायच्या आत फोटो गावाच्या ग्रुपवर पोहोचला होता. खाली लिहिलं होतं, 'आज एक मिळाली.' त्यावर लोकांनी टाळ्या दिल्या होत्या. आपल्या घरी संडास आहे मामा. तो आण्णांनी स्वतः वीट वीट रचून बांधला, आणि त्याच्या भिंतीवरचं स्वच्छतेचं घोषवाक्य मी दहावीत असताना माझ्या हाताने रंगवलं आहे. आण्णांनी फोटो बघितला, धुतलेला सदरा घातला, माझ्या प्रबंधाचा आराखडा प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातला आणि मला घेऊन ग्रामपंचायतीत गेले. (आईने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "फोटो चांगला आलाय पण. गुलाब कुठाय?")

सरपंच अजिनाथराव खुर्चीत होते. त्यांना मी पहिल्यापासून सगळं सांगितलं: दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, कारखाने, गावं सोडून शहरात जाणारी माणसं, आणि म्हणून निसर्गाकडे वळलेले कवी. ते नीट ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी चौकशी सुरू केली.

"हे तुमचे कवी रोज फिरायचे?"

"हो."

"एकलेच?"

"हो."

"हातात बाटली असायची?"

"नाही."

"मग तुमी कावून घेतली?"

"आईनं दिली."

अजिनाथराव धुळाजीकडे वळून म्हणाले, "बघ बे, आईनं दिली. लिहून घे." मग त्यांनी निकाल दिला की बाटलीशिवाय कवितेसाठी फिरायला ग्रामपंचायतीची हरकत नाही. ग्रुपवर तसा खुलासाही टाकला: 'सदर मुलगी शिक्षणाच्या कामासाठी बसली होती.' मामा, 'बसली' हा शब्द त्यांनी टाकायला नको होता. त्या खुलाशाने जे थोडे लोक फोटो बघायचे राहिले होते त्यांनीही बघितला. वर अजिनाथरावांनी मोठ्या मनाने सांगितलं की एकांत पाहिजे असेल तर समाजमंदिराचा हॉल उघडून देतो, आणि भीती वाटू नये म्हणून सोबतीला धुळाजी बसेल.

त्या दिवशी मी उदास होऊन चरित्रं चाळत बसले होते. आम्रपाली शेजारी (अर्थातच) बसून माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिला इंग्रजी वाचताना बोट लागतं, पण बोट फिरलं की काही सुटत नाही. एका जागी बोट थांबलं. "बाय, ह्यो कवी एकलाच फिरत होता असं कवितेत म्हणतोय ना? मग हितं लिहिलंय, त्या दिवशी बहीण संगंच होती की." मी बघितलं. खरंच होती. शेजारी चालत होती, तिनेही तेच सगळं बघितलं होतं. मी हे वाक्य दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा ओलांडून गेले होते. आम्रपालीने विचारलं, "मग तिला कवितेत कावून न्हाई घेतलं?" बोट उचलून ती म्हणाली, "तू मला घेशील ना?"

असं सगळं आहे मामा. महिना संपत आला आहे, चौथं प्रकरण कोरं आहे आणि गावात मला सगळे गुलाबाचं फूल म्हणून ओळखतात. तुमची आठवण येते. एका खोलीत सहा जण, तीन पाळ्या, आणि एकजण उठला की त्याच्या गरम गादीवर दुसरा झोपतो, असं तुम्ही सांगता तेव्हा हसत सांगता. लग्न का केलं नाही असं विचारलं की 'शिफ्ट जमली नाही' म्हणता. आणि दर दिवाळीला सांगता की रिटायर झालो की नेकनूरच्या घरात आरामखुर्ची टाकून एकटा बसणार, कोणी हाक मारायची नाही. तुमचं हे वाक्य मला माझ्या सगळ्या विद्वानांपेक्षा जवळचं वाटतं. गुडघा सांभाळा. आई, आण्णा, दादा आणि आम्रपाली यांचा जय भीम.

तुमची भाची,
पंचशीला

ता. क. — मुद्द्याचं राहिलंच. नेकनूरचं तुमचं घर बंद आहे. दोन खोल्या, मागं लिंब, आणि मुख्य म्हणजे आत कोणी नाही. मला त्याची किल्ली पाठवाल का? फक्त चौथ्या प्रकरणापुरती. तुम्ही स्वतः अजून ज्या घरात एकटे बसला नाहीत तिथं मी तुमच्याआधी एकटी बसावं, हे बरोबर नाही असं वाटलं तर स्पष्ट सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही.

ता. क. २ — वरचं सगळं लिहून झालं आणि हिशेब केला की पत्र तुम्हाला पोहोचणार, तुम्ही विचार करणार, मग किल्ली येणार, तोवर महिना संपणार. तेव्हा मी गावाहून अंबाजोगाईला परत आले, तिथून बीडच्या गाडीत बसले आणि नेकनूरला उतरले. हे मी तुमच्या घरातूनच लिहिते आहे. शेजारच्या किराणा दुकानाच्या शिवकांताकाकूंनी मला ओळखलं. तुमच्या कुलपात गंज होता. काकूंनी आधी खोबरेल तेल सोडलं, मग मीठ मोजायचं वजन आणून दोन घाव घातले. कुलूप तुटलं ते त्यांच्या हातून, पण सांगितलं मी होतं, म्हणून दोष माझा.

तर मामा, मी एकटी झाले. अखेर झाले. पूर्ण एक दिवस. तुम्ही दर दिवाळीला काय सांगता ते माहीत असल्यामुळे लिहायला जड जातं, पण खरं ते लिहिलं पाहिजे: फार भयंकर असतं. सकाळी मी वहीवर 'एकांत' असं लिहून खाली रेघ मारली. मग दुसरी रेघ मारली. पंखा एका फेरीत एकदा कुरकुरतो, हे तुम्हाला माहीत आहे का? भिंतीवर एक पाल होती, तिच्याशी मी दुपारपर्यंत बोलायला लागले होते आणि ती ऐकत होती. मोठं काहीतरी जागं व्हायची मी वाट बघत राहिले, पण मला फक्त भूक लागली आणि आईची आठवण आली. संध्याकाळी काकूंच्या दुकानात जाऊन गरज नसताना काडेपेटी घेतली, आणि मग परत जाऊन दुसरी. काकू म्हणाल्या, "घर पेटवायचा विचार हाय का? बस हितं, चहा घे." मी बसले. आम्रपालीला फोन केला, तर ती कपडे भरूनच बसली होती.

ता. क. ३ — आम्रपाली आली. काकूंची मुलगी रुद्राणी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते. तिने विचारलं, "दुकानात गिऱ्हाईक लई बोलतंय. मी कोपऱ्यात बसू का? तोंड उघडणार न्हाई." तिच्या पाठोपाठ पोलीस भरतीवाल्या दोघी आल्या, मग त्यांच्या मैत्रिणी. आता तुमच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून पोरी बसतात. कोणी कोणाला 'काय करतेस' असं विचारत नाही. पान उलटलेलं ऐकू येतं, आणि तो पंखा. मामा, त्यांच्यामध्ये बसून माझं चौथं प्रकरण झालं. सरळ झालं, खाडाखोडसुद्धा नाही. त्यात चौदा बाया आहेत, पिठलं आहे, कालवा आहे (बाटली नाही), आणि जी बहीण शेजारी चालली पण कवितेत आली नाही ती आहे. आम्रपालीचं नाव कुठं सोयीने तळटीपेत टाकलेलं नाही. ते चौथ्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात आहे. मॅडमनी ते उभ्या उभ्या वाचलं, दोन ठिकाणी स्पेलिंग दुरुस्त केलं, आणि विचारलं, "या पोरी अजून बसतात का?" मी हो म्हटलं. पाचवं प्रकरणही त्याच ओघात झालं आणि प्रबंध सोमवारी जमा केला. तेव्हा किल्लीची विनंती रद्द समजावी.

ता. क. ४ — अनोळखी नंबरवरून फोन आले तर काही दिवस कृपा करून उचला, आणि पलीकडचं माणूस रडत असलं तर घाबरू नका. त्याचं असं झालं की पोरी बसतात तर दारावर पाटी पाहिजे, असं मला वाटलं. मी रंग आणून लिहिली: 'बन्सीमामा मुलींची अभ्यासिका'. आपल्याकडे जिवंत माणसाच्या नावाने काही काढत नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. दुपारपर्यंत निम्मं नेकनूर भेटायला आलं. एकाने तुम्ही फार शांत स्वभावाचे होता असं सांगितलं, आणि काकूंनी तुमची दुकानातली जुनी उधारी सगळ्यांदेखत माफ केली. (आता ती परत चालू केली आहे.) बातमी आपल्या गावीही गेली. धाकटे काका मिळेल त्या गाडीने धावत आले आणि दारातूनच मोठ्यांदा हंबरडा फोडणार, एवढ्यात आतून आठ-दहा पोरींनी एकदम "शूऽऽ" केलं. काका तसेच पायरीवर बसले. आत बघत राहिले. तुम्ही हयात आहात हे मी त्यांच्या कानात सांगितलं. मग ते आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, "आम्रपालीचा कॉलेजचा फॉर्म कधी भरायचा असतोय?" पाटीवर तुमच्या नावापुढं मी कंसात (हयात) असं लिहिलं आहे. अक्षर लहान आहे, पण रंग पक्का आहे.

ता. क. ५ — तुमच्याकडची किल्ली आता टाकून द्या. बीडहून नवं कुलूप आणून बसवलं. एक किल्ली काकूंकडे असते, एक रुद्राणीकडे. तिसरी तुमची, ती या पत्राला चिकटपट्टीने लावली आहे. मागची खोली रिकामी ठेवली आहे आणि तिथं कोणी बसत नाही. आण्णांनी जुनी आरामखुर्ची विणून घेतली होती, ती पप्पूदादाने टेम्पोतून आणून लिंबाच्या बाजूच्या खिडकीला लावली आहे. तुम्हाला कोणी हाक मारणार नाही, मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. याल तेव्हा चप्पल बाहेर काढा, आणि कडी हळू वाजवा.